हृदयाची रुजवात

इटलीच्या दक्षिण भागात, आपुलिया प्रांतात, कास्तेल देल मोन्ते नावाचा एक अष्टकोनी किल्ला आहे. तेराव्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने तो बांधविला, आणि त्याची रेखीव बांधणी पाहण्यासाठी आजही दूरदूरचे प्रवासी तेथे जातात; परंतु वैद्यकाच्या इतिहासात या स्थळाचे नाव राहिले ते तेथील मातीमुळे. १९५०च्या दशकात मिलान येथील फार्मितालिया या औषधकंपनीतील संशोधक, जमिनीतील सूक्ष्म जीव स्वसंरक्षणार्थ जी रसायने निर्माण करतात त्यांत कर्करोगावर काही इलाज दडला आहे काय याचा तपास करीत असता, या किल्ल्याच्या परिसरातील मातीच्या नमुन्यातून त्यांना स्ट्रेप्टोमायसीस वर्गातील एक जिवाणू मिळाला, आणि त्याने निर्माण केलेले द्रव्य माणकासारखे लाल निघाले. जवळजवळ त्याच सुमारास फ्रान्समधील संशोधकांच्याही हाती स्वतंत्रपणे हेच द्रव्य आले. त्या प्रदेशात प्राचीन काळी वस्ती करून राहिलेल्या दाउनी लोकांचे नाव आणि माणकाचे फ्रेंच नाव यांच्या संयोगातून त्यास डॉनोरुबिसिन असे नाव मिळाले.

त्याच जिवाणूच्या एका उत्परिवर्तित जातीपासून पुढे जे दुसरे द्रव्य लाभले ते अधिक गुणकारी ठरले. ते हाती येण्यामागे फेदेरिको आर्कामोने या रसायनशास्त्रज्ञाचे परिश्रम होते, आणि रुग्णांवरील त्याचे पहिले अनुभव मिलानमधीलच जान्नी बोनादोन्ना यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून ते ॲड्रियामायसिन म्हणून प्रसिद्धीस आले; शास्त्रीय व्यवहारात त्यास डॉक्सोरुबिसिन म्हणतात. रक्ताचा कर्करोग, लिम्फोमा, स्तनाचा कर्करोग, हाडांचे व मृदू ऊतींचे सार्कोमा, लहान मुलांच्या शरीरात उद्भवणाऱ्या कित्येक गाठी, एवढ्या विस्तृत मुलखावर या औषधाचा अंमल चालतो, आणि अर्धशतकाहून अधिक काळ लोटला तरी अनेक उपचारक्रमांतून त्यास वगळता आलेले नाही.

केमोथेरपीच्या वॉर्डात या औषधाचे पूर्ण नाव क्वचितच कानी पडते. 'लाल औषध' म्हटले की रुग्णास, नातलगांस आणि परिचारिकेसही पुरते. शिरेत सलाईन चालू असते, आणि त्या चालत्या प्रवाहात परिचारिका मोठ्या सिरिंजमधून ते द्रव्य सावकाश, मधून मधून थांबून सुई शिरेतच आहे ना याची खातरजमा करीत सोडते; कारण शिरेबाहेर ते झिरपले तर आसपासची त्वचा व मांस जळून जखम होते. पुढील एकदोन दिवस लघवीला लालसर रंग येईल, ते रक्त नव्हे, घाबरू नये, असेही ती आधीच बजावून ठेवते. अशा रीतीने औषधाचे जे परिणाम डोळ्यांना दिसतात त्यांचा बंदोबस्त प्रथम दिवसापासूनच केलेला असतो. या प्रकरणाचा विषय मात्र त्याच औषधाचा असा परिणाम आहे की जो कित्येक महिने, प्रसंगी कित्येक वर्षे, कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही.

१९६७ मध्ये डॉनोरुबिसिन दिलेल्या लहान मुलांत हृदय निकामी होण्याचे प्रसंग नोंदविले गेले. १९७३ मध्ये ॲड्रियामायसिन घेतलेल्या ३९९ रुग्णांची कैफियत अमेरिकेत प्रसिद्ध झाली, आणि तीतून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली ती अशी, की हृदयास होणारा अपाय एखाद्या डोसावर अवलंबून नसून आजवर शरीरात गेलेल्या औषधाच्या एकूण बेरजेवर अवलंबून असतो. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे ५५० मिलिग्रॅम ही मर्यादा ओलांडू नये, अशी ताकीद तेव्हापासून रूढ झाली. १९७९ मध्ये सुमारे ४००० रुग्णांच्या नोंदी तपासून डॅनियल फॉन हॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी जो हिशेब मांडला त्यात ४०० मिलिग्रॅमपाशी शंभरांत तिघांचे, ५५० पाशी सातांचे आणि ७०० पाशी अठरांचे हृदय निकामी होण्याचा संभव आढळला.

या आकड्यांनी डॉक्टरांना एक मोठा आधार दिला, परंतु त्याच आधाराने एक भ्रमही निर्माण केला, असे म्हणणे भाग आहे. मर्यादा एकदा ठरली की तिच्या अलीकडे सर्व कुशल आहे असे मानण्याकडे मनाची प्रवृत्ती होते. २००३ मध्ये सँड्रा स्वेन यांनी तीन चिकित्साप्रयोगांतील ६३० रुग्णांच्या नोंदी, हृदयाची मोजणी अधिक काटेकोरपणे झालेली असल्यामुळे, पुन्हा तपासल्या तेव्हा ५५० मिलिग्रॅमपाशी शंभरांत सव्वीस इतके प्रमाण निघाले. सात आणि सव्वीस यांतील तफावत लहान नाही. शिवाय ही सर्व प्रमाणे समुदायाची आहेत. एखाद्या रुग्णाचे हृदय २५० मिलिग्रॅमपाशीच हार खाते, तर दुसऱ्याचे ६०० ओलांडूनही शाबूत राहते. वय फार कोवळे किंवा फार पिकलेले असणे, आधीपासून रक्तदाब वा मधुमेह असणे, छातीवर पूर्वी किरणोपचार झालेले असणे, या गोष्टींनी धोका वाढतो हे ठाऊक आहे, पण समोर बसलेल्या एका माणसाचे हृदय कोठवर टिकेल हे कोणतेही कोष्टक सांगू शकत नाही. ते कळण्याचा मार्ग एकच: त्या माणसाचेच हृदय उपचाराच्या आधी मोजावे, उपचार चालू असता मोजावे, उपचार संपल्यावर मोजावे, आणि प्रत्येक वेळची नोंद आधीच्या नोंदीशी ताडून पाहावी. या विषयाचे सारे मर्म या रुजवातीत आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पण शरीरात इतके अवयव असताना या औषधाचा कोप हृदयावरच का व्हावा? केमोथेरपीने केस गळतात, तोंड येते, रक्तातील पेशी घटतात. आणि काही आठवड्यांत केस पुन्हा उगवतात, तोंडातील व्रण भरतात, मज्जा नव्या पेशी घडविते. हृत्स्नायूच्या पेशींना हे भाग्य लाभलेले नाही. त्यांची झीज किती मंद गतीने भरून निघते हे २००९ मध्ये स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतील योनास फ्रिसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या कल्पक रीतीने मोजले. शीतयुद्धाच्या आरंभकाळी उघड्यावर जे अणुस्फोट झाले त्यांनी वातावरणातील किरणोत्सर्गी कार्बनाचे प्रमाण एकाएकी वाढविले, आणि पुढे स्फोट थांबल्यावर ते हळूहळू उतरत गेले; पेशी ज्या वर्षी जन्मते त्या वर्षीच्या कार्बनाचा दाखला तिच्या डीएनएत कायमचा राहतो. हा दाखला वाचून त्यांनी दाखविले की पंचविसाव्या वर्षी हृदयाच्या स्नायूपेशींपैकी दरसाल एक टक्का, आणि पंच्याहत्तराव्या वर्षी अर्ध्या टक्क्याहूनही कमी पेशी नव्या होतात. जन्मतः मिळालेल्या पेशींपैकी निम्म्याहून अधिक पेशी आमरण त्याच राहतात. दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके देणाऱ्या या स्नायूत जी पेशी मेली ती बहुधा कायमचीच गेली.

औषध पेशीला मारते ते कसे, याविषयी प्रारंभी असे मानले जाई की लोहाच्या सान्निध्यात ते विघातक प्राणवायू-कण निर्माण करते आणि पेशीतील ऊर्जाकेंद्रे त्यांनी होरपळतात. हे स्पष्टीकरण सर्वस्वी त्याज्य ठरलेले नाही. परंतु २०१२ मध्ये टेक्सास येथील एडवर्ड ये यांच्या प्रयोगशाळेने टोपोआयसोमरेज या विकराकडे लक्ष वेधले. डीएनएच्या धाग्यांचा पीळ सोडविणे हे या विकराचे काम. त्याचा एक प्रकार वेगाने वाढणाऱ्या कर्कपेशींत असतो आणि औषध त्यालाच जखडून त्या पेशींचा नाश करते. दुसरा प्रकार हृदयाच्या शांत, न विभागणाऱ्या पेशींत असतो, आणि औषध त्यालाही तसेच जखडते. ज्या उंदरांच्या हृत्पेशींतून हा दुसरा प्रकार काढून टाकला होता त्यांच्या हृदयास डॉक्सोरुबिसिनपासून संरक्षण मिळाले. म्हणजे जी क्रिया गाठीचा संहार करते तिचीच सावत्र बहीण हृदयाचा घात करते. डेक्सराझॉक्सेन नावाचे जे संरक्षक औषध काही रुग्णांना लाल औषधाच्या अगोदर देतात त्याचा गुणही बहुधा याच ठिकाणी आहे.

आता मोजणीकडे वळू. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे हृदयाच्या स्नायूचा कणभर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. १९७०च्या दशकात स्टॅनफर्ड येथे मार्गारेट बिलिंगहॅम यांनी मानेतील शिरेतून हृदयापर्यंत नेलेल्या चिमट्याने असे तुकडे काढून पेशींच्या नाशाची श्रेणी ठरविली, आणि लक्षणे उमटण्याच्या कितीतरी आधी पेशींचा नाश सुरू झालेला असतो हे निर्विवाद सिद्ध केले. परंतु आधीच जर्जर झालेल्या माणसाच्या हृदयातून वारंवार तुकडा काढणे हे शास्त्राला पटले तरी दयेला पटणारे नव्हते, आणि ही रीत मागे पडली ते योग्यच झाले.

तिच्या जागी आलेली पद्धत गॅमा कॅमेऱ्याची. रुग्णाच्या तांबड्या रक्तपेशींना टेक्नेशियम या किरणोत्सर्गी मूलद्रव्याची अल्प मात्रा चिकटवितात, आणि त्या रक्ताने भरलेले हृदय फुगताना व आकसताना त्यातून निघणारे किरण कॅमेरा ठोक्यांच्या तालाशी जुळवून टिपतो. येल विद्यापीठातील डॉक्टरांनी १९७९ मध्ये या मोजणीचा उपयोग डॉक्सोरुबिसिन घेणाऱ्या रुग्णांत करून दाखविला, आणि १९८७ मध्ये त्यांनी सात वर्षांचा जो अनुभव प्रसिद्ध केला तो या शास्त्राच्या दप्तरातील सर्वांत मोलाचा कागद म्हणावा लागेल. प्रत्येक ठोक्यास हृदयात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर पडते ते प्रमाण, म्हणजेच पंपिंग, दहा अंशांनी उतरून पन्नास टक्क्यांखाली गेले की औषध थांबवावे, अशा प्रकारचे नियम त्यांनी आखले होते. धोका अधिक असलेल्या २८२ रुग्णांपैकी ज्या ७० जणांचा उपचार या नियमांबरहुकूम झाला त्यांत दोघांचेच हृदय निकामी झाले. ज्या २१२ जणांच्या बाबतीत नियम पाळले गेले नाहीत त्यांत ४४ जणांचे. औषध तेच, रोगही तसेच. फरक पडला तो नियमित मोजण्याने आणि मोजलेल्या आकड्याला मान देण्याने. प्रत्येक मोजणीबरोबर शरीरात थोडे किरण जातात हा या पद्धतीचा दोष, आणि म्हणून पुढे तिची जागा बहुतांशी ध्वनीने घेतली.

स्वीडनमधील लुंड येथे १९५३ साली हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हेर्त्स यांनी, धातूच्या ओतकामातील भेगा शोधण्यासाठी कारखान्यांत वापरले जाणारे स्वनातीत तरंगांचे उपकरण उसने आणून हृदयाकडे वळविले, आणि आज गावोगाव 'टू-डी एको' या नावाने परिचित झालेल्या तपासणीचा तेथे आरंभ झाला. खोलीत अंधार करतात, रुग्णाला डाव्या कुशीवर निजवितात, डावा हात उशाखाली घ्यायला सांगतात, आणि छातीला थंड जेल लावून बरगड्यांमधील फटीवर प्रोब टेकवितात. "श्वास सोडा, आता थांबा," असे म्हटल्यावर पडद्यावर हृदयाचे चार कप्पे स्थिर होतात. डावे निलय, म्हणजे डावीकडील खालचा कप्पा, पूर्ण भरला असतानाचे चित्र गोठवून तपासणारा त्याच्या आतल्या कडेवरून बिंदूबिंदूने रेषा फिरवितो. मग तो पूर्ण आकसला असतानाच्या चित्रावर तशीच दुसरी रेषा. हेच काम पुन्हा दुसऱ्या कोनातून. यंत्र दोन्ही आकारांवरून आकारमान काढते: भरलेल्या कप्प्यात समजा १२० मिलिलिटर रक्त होते आणि आकसल्यावर ५० उरले, तर ७० बाहेर पडले, म्हणजे सुमारे ५८ टक्के. या प्रमाणाला डॉक्टर ईएफ म्हणतात आणि आपल्याकडील रुग्ण पंपिंग म्हणतात.

या टक्केवारीने घरोघर किती व्यर्थ चिंता पसरविली आहे हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढील प्रश्न नवा वाटणार नाही. "डॉक्टरसाहेब, पंपिंग साठच टक्के आलंय, म्हणजे चाळीस टक्के हृदय गेलं का हो माझ्या लेकीचं?" असे एखादी माउली हातात रिपोर्ट घट्ट धरून विचारते. तिला सांगायला हवे, आणि घाईत न सांगता नीट बसून सांगायला हवे, की निरोगी हृदयही भरलेले सर्व रक्त कधीच बाहेर टाकीत नाही; स्त्रियांत साधारण ५४ ते ७४ आणि पुरुषांत ५२ ते ७२ टक्के हेच प्रकृतीचे प्रमाण होय, आणि साठ हा आकडा पूर्ण समाधानाचा आहे.

परंतु त्या माउलीला जे सांगावयाचे त्याहून एक अवघड गोष्ट डॉक्टरांनी स्वतः ध्यानात ठेवावयाची असते. कडेवरून फिरविलेली ती रेषा माणसाच्या हाताने व नजरेने फिरविलेली असते. तेच हृदय, काहीही न बिघडता, आज एका यंत्रावर ६२ आणि महिन्याभराने दुसऱ्या यंत्रावर ५४ असे वाचले जाऊ शकते. साध्या टू-डी एकोत सुमारे दहा अंशांपर्यंतचा फेर हा निव्वळ मोजणीचा असू शकतो, तर त्रिमिती एकोत तो पाचसहा अंशांपर्यंत आणता येतो. ज्या घसरणीवर औषध थांबवावे की चालू ठेवावे हे ठरावयाचे तीच दहा अंशांची असावी, ही या शास्त्राची मोठी पंचाईत आहे. यावर उपाय एवढाच, की प्रत्येक खेपेस शक्यतो तेच केंद्र, तेच यंत्र आणि तीच पद्धत असावी, आणि केवळ कागदावरील आकडा न पाहता मागची चित्रे आजच्या चित्रांशेजारी ठेवून पाहावीत. आपल्याकडे ही अट पाळणे सोपे नाही. विदर्भातील वा मराठवाड्यातील रुग्ण मुंबईस परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, जे १९४१ पासून देशभरच्या कर्करोग्यांचे आश्रयस्थान आहे, निदानासाठी येतो. पहिला एको तेथे होतो, केमोच्या काही सायकली आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी होतात, दुसरा एको तेथे, आणि तिसरा गावाजवळ जेथे स्वस्तात होईल तेथे. तीन कागद, तीन आकडे, आणि त्यांची एकमेकांशी रुजवात घालणारा कोणी नाही. अशा रुग्णाने निदान एवढी तजवीज करावी, की पहिल्या डोसापूर्वीच्या एकोचा रिपोर्ट आणि मिळाल्यास त्याची सीडी जपून ठेवावी आणि पुढील प्रत्येक तपासणीस ती सोबत न्यावी. ती पहिली नोंद हरविली तर पुढचे सर्व आकडे अधांतरी राहतात.

ईएफचा दुसरा दोष अधिक खोल आहे. एखाद्या कुटुंबातील कर्ते पुरुष एकामागून एक अंथरुणास खिळले तरी उरलेले दुप्पट राबून घराची ओढाताण बाहेर कळू देत नाहीत, तसेच हृदयाचे आहे. काही पेशी मेल्या तरी उरलेल्या अधिक जोर लावून पंपिंग पूर्ववत ठेवतात, आणि ते उतरू लागते तेव्हा नाश बराच पुढे गेलेला असतो. म्हणून गेल्या दोन दशकांत संशोधकांची दृष्टी त्याहून आधीच्या खुणांकडे लागली आहे. पैकी एक खूण स्नायूच्या आखडण्याची. हृदयाचा स्नायू प्रत्येक ठोक्यास लांबीत किती आखडतो हे एकोच्या चित्रातील बारीक ठिपक्यांचा माग काढून यंत्र मोजते. निरोगी हृदयात हे आखडणे साधारण वीस टक्के असते, आणि आखडणे म्हणून ते उणे चिन्हाने लिहितात. या मापास डॉक्टर स्ट्रेन म्हणतात. रुग्णाच्या स्वतःच्या आरंभीच्या मापापेक्षा ते पंधरा टक्क्यांहून अधिक घटले, म्हणजे वीसवरून सतराच्या खाली आले, तर पंपिंग अजून साठ असले तरी सावध व्हावे, असा आजचा संकेत आहे. युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ मध्ये या विषयावरील आपले पहिले स्वतंत्र मार्गदर्शन प्रसिद्ध केले त्यात अशा अवस्थेला सौम्य का होईना पण अपाय म्हणूनच मान्यता दिली.

दुसरी खूण रक्तातील. हृदयाच्या पेशी फुटल्या की ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते; हृदयविकाराच्या झटक्याचे निदान त्यावरूनच करतात. कर्करोगाच्या उपचारांत त्याचा उपयोग कसा करावा हे ज्यांनी विशेष जिद्दीने शोधले त्या डॅनिएला कार्दिनाले मिलानच्याच. ज्या नगरात हे लाल औषध जन्मास आले त्याच नगरातून त्याच्या पहाऱ्याची रीत जगास मिळावी, हा योग लक्षात राहण्याजोगा आहे. तीव्र केमोथेरपी घेतलेल्या ७०३ रुग्णांचा त्यांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात ट्रोपोनिन आढळलेच नाही त्यांपैकी शंभरांत एकासच पुढे हृदयाचा उपद्रव झाला. ज्यांच्यात ते उपचारानंतर लगेच आढळले आणि महिन्याभरानंतरही टिकून राहिले त्यांपैकी शंभरांत चौऱ्यांयशींना.

पण लवकर कळून उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर कार्दिनाले यांच्याच २०१० सालच्या अभ्यासात आहे. या औषधाने ज्यांचे पंपिंग ४५ टक्के वा त्याखाली गेले होते अशा २०१ रुग्णांना त्यांनी एनालाप्रिल आणि शक्य तेथे कार्व्हेडिलॉल ही हृदयविकारातील नेहमीची, कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणारी औषधे दिली. केमोथेरपी संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत ज्यांना ही औषधे सुरू झाली त्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचे हृदय पूर्ववत झाले. मुदत जसजशी लांबली तसतसे हे प्रमाण घसरत गेले, आणि सहा महिन्यांनंतर ज्यांचा इलाज सुरू झाला त्यांपैकी एकाचेही हृदय पूर्णपणे सावरले नाही. तोपर्यंत वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत हा अपाय अपरिवर्तनीय म्हणून नोंदलेला असे. तो अपरिवर्तनीय दिसत होता याचे कारण बहुतेक वेळा तो फार उशिरा पाहिला जात होता. २०१५ मध्ये २६२५ रुग्णांच्या नोंदींवरून त्यांनी पुढे दाखविले, की अशा अपायांपैकी ९८ टक्के उपचारानंतरच्या पहिल्या वर्षातच उघड होतात. उपचार संपला, केस पुन्हा आले, माणूस कामावर रुजू झाला, आता दवाखाना नको, असे ज्या वर्षी वाटू लागते तेच हे वर्ष.

लाल औषधाहून अगदी निराळ्या प्रकृतीचे दुसरे औषध म्हणजे ट्रास्टुझुमॅब. स्तनाच्या काही कर्करोगांत पेशींच्या पृष्ठभागावर हर-टू नावाचे ग्राहक प्रथिन अतोनात वाढलेले असते. हे औषध त्यासच जाऊन चिकटते आणि पेशीची वाढ रोखते. १९९८ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. डेनिस स्लॅमन यांनी २००१ मध्ये ४६९ स्त्रियांवरील प्रयोगाचे जे निष्कर्ष प्रसिद्ध केले त्यांत आयुर्मर्यादा वाढल्याचे शुभ वर्तमान होते. आणि त्याबरोबर एक अनपेक्षित वार्ताही होती, की लाल औषध व ट्रास्टुझुमॅब एकत्र दिलेल्या स्त्रियांपैकी २७ टक्क्यांच्या हृदयात बिघाड झाला, तर ट्रास्टुझुमॅबशिवाय तीच केमोथेरपी घेतलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. हेच ग्राहक प्रथिन हृदयाच्या पेशींना ताण सोसण्याचे बळ देते हे पुढे उलगडले. लाल औषधाने जखमी झालेली पेशी सावरू पाहते त्याच क्षणी तिचा आधार काढून घेतला जात होता. तेव्हापासून ही दोन औषधे एकाच वेळी न देता एकामागून एक देण्याची वहिवाट पडली. येथे अपाय बहुधा पेशी मरून होत नाही, त्या दुबळ्या पडून होतो. औषध काही आठवडे थांबविले की हृदय पुष्कळदा सावरते, आणि मग ते पुन्हा सुरूही करता येते. वर्षभर चालणाऱ्या या उपचारात दर तीन महिन्यांनी एको करण्याचा प्रघात आहे तो यासाठी.

येथेच हृदयतज्ज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ यांच्यातील खरा पेच उभा राहतो. लवकर उपचार केलेल्या स्त्रियांत ट्रास्टुझुमॅबमुळे रोग उलटण्याचा संभव जवळजवळ निम्म्यावर येतो, हे २००५ मध्ये सिद्ध झालेले आहे. पंपिंग ५८ वरून ५१ वर आले म्हणून घाबरून औषध तोडले, तर हृदय वाचविण्याच्या नादात माणूस कर्करोगाच्या स्वाधीन केल्यासारखे होते. हृदयाची निगराणी ही औषधावर मनाई हुकूम बजाविण्यासाठी आहे, ही समजूत म्हणूनच मोडून काढली पाहिजे. मोजणीचा हेतू उपचार सुखरूप पूर्णत्वास नेणे हा आहे. आकडा थोडा उतरला तर हृदयाची औषधे जोडावीत, लवकर फेरतपासणी करावी, दोघा तज्ज्ञांनी एकत्र बसून बोलावे, आणि नाइलाज झाला तरच हात आखडावा. या दोन तज्ज्ञांचे दवाखाने अनेक ठिकाणी एका इमारतीत नसतात आणि त्यांच्या चिठ्ठ्या रुग्णाचा मुलगा इकडून तिकडे नेत असतो, ही स्थिती पालटावी असे मनापासून वाटते.

इतर उपचारांचा उल्लेख येथे ओझरताच करता येईल. डाव्या स्तनावरील किरणोपचारात हृदयावर पडणाऱ्या किरणमात्रेचा प्रत्येक ग्रे (हे त्या मात्रेचे एकक) पुढे हृदयधमन्यांच्या विकाराचा धोका सुमारे ७.४ टक्क्यांनी वाढवितो, असे सारा डार्बी यांनी २०१३ मध्ये स्वीडन व डेन्मार्कमधील स्त्रियांच्या नोंदींवरून दाखविले. म्हणून आता दीर्घ श्वास घेऊन तो रोखून धरायला सांगतात, म्हणजे फुगलेले फुप्फुस हृदयाला किरणांच्या वाटेतून दूर ढकलते. प्रतिकारशक्तीला मोकळे सोडणारी जी नवी औषधे आली आहेत त्यांच्यामुळे क्वचित, पण अत्यंत घातक असा हृत्स्नायूचा दाह पहिल्या काही आठवड्यांतच उद्भवतो. तेथे तीन महिन्यांनी एको करून भागत नाही, छातीत दुखले वा अकारण थकवा आला की त्याच दिवशी ईसीजी आणि ट्रोपोनिन पाहावे लागते.

आणि लहान मुले? त्यांच्याविषयी लिहिताना लेखणी आपोआप सावकाश चालते. रक्ताच्या कर्करोगातून वाचलेल्या ११५ मुलांची तपासणी उपचारानंतर काही वर्षांनी स्टीव्हन लिपशुल्ट्झ यांनी केली तेव्हा, १९९१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केल्याप्रमाणे, निम्म्याहून अधिक मुलांच्या हृदयात दोष आढळले. मूल वाढते, त्याचे शरीर मोठे होते, परंतु ज्या हृदयाने बालपणी पेशी गमावल्या त्याची भिंत त्या मानाने जाड होत नाही, आणि वाढत्या देहाचा भार त्या पातळ भिंतीवर पडत जातो. म्हणून ज्यांना बालपणी चौरस मीटरमागे २५० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक लाल औषध मिळाले आहे त्यांनी साधारण दर दोन वर्षांनी एको करून घ्यावा, आणि ही तपासणी जन्मभर चालू ठेवावी, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. अशी मुलगी मोठी होऊन संसाराला लागते आणि तिला दिवस राहतात, तेव्हा शरीरातील रक्ताचे आकारमान वाढून हृदयावरील काम जवळजवळ दीडपट होते. म्हणून गर्भधारणेपूर्वी, निदान पहिल्या तिमाहीत, तिचा एको होणे अगत्याचे असते. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना हे सर्व ठाऊक असेल, पण या मुलीला पाचव्या वर्षी कोणते औषध मिळाले होते हे त्यांना कोण सांगणार? आईवडील थकलेले असतात, रुग्णालयाचे जुने दप्तर हाती येतेच असे नाही, आणि तिला स्वतःला लहानपणीच्या आजारातले आठवते ते बहुधा डोक्यावरचे केस गेले होते एवढेच. यास्तव उपचार संपवून घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाने, आणि मुलाच्या बाबतीत त्याच्या पालकांनी, रुग्णालयातून निघण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी डॉक्टरांकडून लिहून व सही करून घ्याव्यात: दिलेल्या औषधांची नावे, लाल औषधाची चौरस मीटरमागील एकूण बेरीज, छातीवर किरणोपचार झाले असल्यास त्यांची मात्रा, आणि शेवटच्या एकोचा आकडा तारखेसह.